सन्निधी म्हणजे संबंध नव्हे

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातील एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी स्टाफरूममध्ये आमच्यापुढे एक कागद ठेवला. स्तनातील गाठीच्या तपासणीचा तो अहवाल होता. अहवाल सगळा इंग्रजीत आणि त्यातील एका ओळीखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारलेली : 'हर-२ : २+, इक्विव्होकल'. बाई इतिहास शिकवतात. त्या म्हणाल्या, "तुम्ही भाषेची माणसं. उपचाराचं डॉक्टर सांगतीलच. पण या शब्दाचा अर्थ तुम्ही सांगा."

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. संदिग्धता, श्लेष, अनेकार्थता यांवर वर्षानुवर्षे व्याख्याने देत आलो आहोत. कवितेतील संदिग्धता हे तिचे वैभव आहे, हे वाक्य आम्ही किती वर्गांपुढे उच्चारले असेल याची गणती नाही. पण संदिग्धतेचे कौतुक करण्यासाठी माणूस सुखरूप असावा लागतो, हे त्या दिवशी जाणवले. 'द्व्यर्थी', 'अनिर्णीत' असे दोन-तीन प्रतिशब्द आम्ही सुचवले. बाईंचे समाधान झाले नाही आणि खरे म्हणजे आमचेही झाले नाही. नेमके काय मोजले होते, ज्याचे उत्तर 'अनिर्णीत' आले? या प्रश्नाचा माग काढताना जे हाती लागले, त्यातून आमचे एक मत बनले आहे. ते येथे मांडत आहोत. आम्ही जीवशास्त्राचे अभ्यासक नाही. परंतु एखादा शब्द कशाला लावला जातो आणि कशाला लावला जाऊ नये, हे पाहणे हा आमच्या व्यवसायाचाच भाग आहे.

प्रथम वस्तुस्थिती. पेशीच्या आवरणावर काही प्रथिने उभी असतात. त्यांचा एक भाग पेशीबाहेर, एक आत. बाहेरून आलेला रासायनिक निरोप ती घेतात आणि आत पोचवतात. इंग्रजीतील 'रिसेप्टर'ला मराठीत 'ग्राही' म्हणतात. शब्द चांगला आहे. 'हर' या कुळात असे चार ग्राही आहेत, हर-१ ते हर-४. यांचे वैशिष्ट्य असे की एकटा ग्राही सहसा काही करू शकत नाही. निरोप मिळाल्यावर दोन ग्राही एकमेकांजवळ येतात, त्यांची जोडी जमते, आतील बाजूस एक दुसऱ्याच्या शेपटीवर फॉस्फेटचे गट चढवतो आणि मग पेशीला 'वाढ, विभाजित हो' असा आदेश जातो. जोडी दोन सारख्यांची असेल किंवा दोन वेगळ्यांची. चार ग्राहींच्या अशा एकूण दहा जोड्या संभवतात.

या दहांपैकी एका जोडीची गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांना रुचेल. हर-२ ला बाहेरचा कोणताही निरोप घेता येत नाही. त्याला चिकटणारा रेणू आजवर सापडलेला नाही. हर-३ ला निरोप ऐकू येतो, परंतु आत आदेश देण्याची त्याची शक्ती जवळजवळ लोपलेली आहे. २००३ साली इस्राएलमधील वाइझमन संस्थेचे योसेफ यार्डेन आणि त्यांचे सहकारी यांनी या दोघांवर जो लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच त्यांना 'बहिरा' आणि 'मुका' म्हटले आहे. आमच्याकडे सांख्यांनी पुरुष आणि प्रकृती यांचा संयोग समजावताना पंगू आणि आंधळा यांचा दृष्टान्त घेतला. पंगू आंधळ्याच्या खांद्यावर बसतो आणि दोघे मिळून वाट चालतात. येथे बहिरा आणि मुका एकत्र येतात आणि या कुळातील सर्वांत प्रबळ जोड्यांपैकी एक तयार होते. दोघे वेगवेगळे अपुरे. त्यांच्या जोडीचे सामर्थ्य दोघांच्या बेरजेतून सांगता येत नाही.

आता मोजणीकडे वळू. १९८७ साली डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या १८९ गाठी तपासून दाखवले की ज्या गाठींत हर-२ च्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात, त्या रुग्णांत रोग लवकर उलटतो. तेव्हापासून हर-२ किती आहे, हे पाहणे हा उपचाराचा पाया झाला. स्तनाच्या दर शंभर कर्करोगांपैकी सुमारे १५ ते २० मध्ये तो अतिरिक्त असतो. गाठीचा पातळ काप काचपट्टीवर घ्यायचा, हर-२ ला चिकटणारे प्रतिपिंड त्यावर सोडायचे, रंग उमटवायचा आणि पेशीभोवतीची रंगाची कड किती गडद व किती पूर्ण आहे हे पाहून ०, १+, २+, ३+ अशी श्रेणी द्यायची. ३+ म्हणजे होकार. ० आणि १+ म्हणजे नकार. २+ म्हणजे आमच्या बाईंचा 'इक्विव्होकल'. अशा वेळी 'फिश' नावाची दुसरी चाचणी करतात. तीत प्रतिदीप्तीचा, म्हणजे एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश देणाऱ्या द्रव्यांचा, उपयोग करून पेशीच्या केंद्रकातील हर-२ जनुकाच्या प्रती ठिपक्यांच्या रूपात मोजतात.

दोन्ही चाचण्या उपयोगी आहेत, त्यांनी असंख्य स्त्रियांच्या उपचाराला दिशा दिली आहे. परंतु दोन्हींत मोजले जाते ते एकट्याचे प्रमाण. एकीत प्रथिनाचे, दुसरीत जनुकाचे. जोडी कोठेच मोजली जात नाही.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ट्रास्टुझुमॅब हे औषध हर-२ च्या बाह्य भागातील चौथ्या खंडाला चिकटते. त्यानंतर आलेले पर्टुझुमॅब दुसऱ्या खंडाला चिकटते, आणि हा दुसरा खंड म्हणजेच जोडी जमवताना पुढे होणारा हात. हा हात अडवणे, हर-२ ला हर-३ शी जोडी जमवू न देणे, हेच पर्टुझुमॅबचे प्रयोजन. २०१२ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. 'क्लिओपात्रा' या नावाच्या चाचणीत ८०८ रुग्ण होते. सर्वांना ट्रास्टुझुमॅब आणि केमोथेरपी मिळत होती. ज्यांना त्यात पर्टुझुमॅबची जोड मिळाली त्यांचे मध्यक आयुर्मान ५६.५ महिने भरले, ज्यांना मिळाली नाही त्यांचे ४०.८ महिने. म्हणजे जवळपास सोळा महिन्यांचा फरक. पसरलेल्या कर्करोगात हा फरक लहान नव्हे.

आणि तरीही हे औषध कोणाला द्यायचे, हे ठरते कशावरून? हर-२ ३+ आहे किंवा फिश होकारार्थी आहे, यावरून. जोडी तोडणारे औषध एकट्याची शिरगणती करून दिले जाते. एखाद्या वसाहतीत उपवर मुले किती आहेत हे मोजून तेथे लग्ने किती झाली याचा अंदाज बांधावा, तसे हे आहे. अंदाज पुष्कळदा बरोबर येतो. संख्या अतोनात असेल तेथे जोड्याही अधिक असणार. पण मधल्या प्रदेशात, म्हणजे जेथे संख्या मध्यम आहे तेथे, अंदाजाचा आधार सुटतो. 'इक्विव्होकल' हा शब्द त्या प्रदेशाचे नाव आहे.

जोडी मोजताच येत नाही, अशातला भाग नाही. ती मोजण्याचे निदान तीन मार्ग प्रयोगशाळांत सिद्ध झाले आहेत आणि तिन्ही प्रतिदीप्तीवर आधारलेले आहेत. अडचण अशी की साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळच्या दोन वस्तू वेगळ्या दिसत नाहीत. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. जोडीतील दोन ग्राहींमधील अंतर मात्र दहाएक नॅनोमीटरच्या आतले. सूक्ष्मदर्शकात लाल आणि हिरवा ठिपका एकावर एक दिसले, तर त्याचा अर्थ फार तर एवढाच की दोघे एकाच गावचे आहेत. एका घरात राहतात, असे त्यावरून म्हणता येत नाही.

पहिला मार्ग 'फ्रेट'चा. थिओडोर फोर्स्टर या जर्मन शास्त्रज्ञाने १९४८ साली त्याचे गणित मांडले. एका ग्राहीवर एक रंगद्रव्य, दुसऱ्यावर दुसरे. पहिल्याला प्रकाशाने चेतवले की एरवी ते स्वतः उजळते. परंतु दुसरे अगदी जवळ असेल तर पहिले आपली ऊर्जा प्रकाश न सांडता परस्पर दुसऱ्याच्या हवाली करते. ही देवघेव अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते. ज्या अंतरावर निम्मी ऊर्जा पोचते, त्याच्या दुप्पट अंतरावर जेमतेम दीड टक्का पोचते. निम्म्या अंतरावर साडेअठ्ठ्याण्णव टक्के. म्हणून एक ते दहा नॅनोमीटरच्या टापूत ही पद्धत अतिशय काटेकोर. १९६७ साली ल्यूबर्ट स्ट्रायर आणि रिचर्ड हॉगलंड यांनी तिला फूटपट्टीची उपमा दिली आणि ती रूढ झाली. पहिल्या द्रव्याची उजळ अवस्था एरवी काही नॅनोसेकंद टिकते. जोडीदार जवळ असला की ती लवकर संपते. तो काळ मोजला की द्रव्याचे प्रमाण कमी-अधिक असले तरी उत्तर फारसे ढळत नाही.

दुसरा मार्ग स्वीडनमधील उप्साला येथील उल्फ लांडेग्रेन यांच्या गटाचा. पेशींच्या कापावर तो २००६ साली वापरला गेला. दोन प्रतिपिंडांना डीएनएच्या लहान शेपट्या जोडायच्या. दोन्ही सुमारे ४० नॅनोमीटरच्या आत आल्या तरच त्यांच्या आधाराने डीएनएचे एक वर्तुळ सांधले जाते. त्या वर्तुळाच्या शेकडो प्रतींची माळ तयार होते. तिला प्रतिदीप्त द्रव्य चिकटते आणि सूक्ष्मदर्शकात एक ठळक ठिपका दिसतो. ठिपके मोजायचे.

तिसरा मार्ग 'व्हेराटॅग'चा. तो अमेरिकेत व्यावसायिक चाचणीच्या रूपातही आला. यात एका प्रतिपिंडावर प्रकाशसंवेदी रेणू, दुसऱ्यावर तुटू शकणारी प्रतिदीप्त खूण. लाल प्रकाश टाकला की संवेदी रेणू ऑक्सिजनचे एक अल्पायुषी रूप निर्माण करतो. ते फार दूर जाऊ शकत नाही. जवळच्या खुणा तेवढ्या तोडते. सुटलेल्या खुणा गोळा करून मोजायच्या. आकडा मिळतो, पण जोडी गाठीच्या कोणत्या कोपऱ्यात होती, ते मात्र हरवते.

येथवर वाचून कोणाला वाटेल की आमचा निष्कर्ष ठरलेला आहे : जुनी मोजणी टाका, नवी घ्या. तसे नाही. नव्या मोजणीच्या भाषेवरही आमचा आक्षेप आहे, आणि तो अधिक आमच्या विषयातला आहे.

वाक्याचा अर्थ कसा होतो, याचा विचार करताना आपल्या शास्त्रकारांनी तीन अटी सांगितल्या : आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. साहित्यदर्पणात तिसरीला आसत्ती म्हटले आहे. एका पदाला दुसऱ्याची अपेक्षा असली पाहिजे, त्यांचा मेळ संभवनीय असला पाहिजे आणि ती जवळजवळ उच्चारली गेली पाहिजेत. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आम्ही हे शिकवतो आणि दरवर्षी एक मुद्दा ठासून सांगतो : सन्निधी आवश्यक आहे, पुरेशी नाही. शेजारी ठेवलेली दोन पदे म्हणजे अन्वय नव्हे.

वरील तिन्ही पद्धती सन्निधी मोजतात. एका ठरावीक अंतराच्या आत दोन ग्राही आहेत, एवढे त्या सांगतात. त्यांनी एकमेकांचा हात धरला आहे का, आत आदेश गेला आहे का, हे त्या सांगत नाहीत. शिवाय ज्या गाठीत पेशीच्या आवरणावर ग्राहींची खेचाखेच आहे, तेथे निव्वळ गर्दीमुळेही दोघे जवळ सापडणार. संध्याकाळी सहाच्या लोकलमध्ये खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या दोघांना कोणी सोयरे म्हणत नाही. त्यात मोजपट्टीची अडचण : एक प्रतिपिंड स्वतःच दहा-पंधरा नॅनोमीटर लांबीचे, म्हणजे पट्टी मोजायच्या अंतराएवढीच मोठी. आणि काप तर फॉर्मॅलिनमध्ये मुरवलेल्या, मेणात बसवलेल्या गाठीचा. गाठ काढल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये पडावी, त्यात ६ ते ७२ तास राहावी, असे आजच्या प्रचलित चाचणीसाठीसुद्धा मार्गदर्शक संकेत आहेत. फॉर्मॅलिन प्रथिनांना जागच्या जागी सांधते आणि ऊतीला स्वतःची अशी एक मंद प्रतिदीप्तीही देते, जी मोजायच्या प्रकाशात मिसळते. जिवंत पेशीत जोड्या जमतात आणि मोडतात. आपल्यापुढे असते ते एका क्षणाचे छायाचित्र.

संशोधक हे सर्व जाणतात. म्हणूनच ते निव्वळ संख्येला हर-२ च्या एकूण प्रमाणाशी ताडून पाहतात, एकच रंगद्रव्य लावलेला काप तुलनेसाठी ठेवतात. परंतु निबंधाच्या सारांशात आणि त्यापुढे बातमीत 'सन्निधी' गळून पडते आणि 'जोडी', 'संयोग', 'परस्परक्रिया' असे शब्द उरतात. हा प्रवास आमच्या परिचयाचा आहे. दोन कवींच्या ओळींत एक प्रतिमा जवळजवळ सापडली की प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात ती 'प्रभाव' होते.

तरीसुद्धा, सन्निधीची ही मोजणी निव्वळ शिरगणतीच्या पुढचे पाऊल आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. २०१६ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील गटाने फ्रेटच्या साहाय्याने हर-२ आणि हर-३ यांची जोडी मोजून दाखवले की रोग पुढे पसरेल का, याचे भाकीत ही मोजणी हर-२ च्या प्रचलित श्रेणीवर अवलंबून न राहता करू शकते. २०२३ साली फुप्फुसाच्या कर्करोगात याहून स्पष्ट उदाहरण पुढे आले. तेथे जोडी दोन पेशींमधली : रोगप्रतिकारक पेशीवरील पीडी-१ आणि त्याला गप्प करणारे पीडी-एल१. प्रचलित चाचणी एकट्या पीडी-एल१ चे प्रमाण पाहते. बनफ्शे लारिजानी आणि सहकाऱ्यांनी फ्रेटवर आधारलेल्या पद्धतीने दोघांची प्रत्यक्ष गाठभेट मोजली, तेव्हा औषधाला प्रतिसाद कोण देईल हे त्या गाठभेटीने चांगले सांगितले. एकट्याच्या प्रमाणाने सांगितले नाही. एका अभ्यासावर इमारत उभी करू नये, हे खरे. पण प्रश्न योग्य विचारला गेला आहे.

एक प्रतिवाद आम्हांला गंभीर वाटतो. प्रश्न बदलला की मोजण्याची वस्तूही बदलते. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन या औषधाला हर-२ कमी असलेल्या, पसरलेल्या स्तनकर्करोगासाठी मान्यता मिळाली. हे औषध हर-२ च्या पत्त्यावर विष पोचवते. त्याला जोडीशी मुख्य कर्तव्य नाही. दाराशी पाटी असली की पुरे. तेथे एकट्याची मोजणीच रास्त. म्हणजे जोडीची मोजणी सर्वत्र श्रेष्ठ, असे म्हणणे हाही एक हट्टच ठरेल. आमचे म्हणणे त्याहून मर्यादित आहे. औषध जोडी तोडणारे असेल तर जोडीविषयी विचारा, औषध पत्ता शोधणारे असेल तर पत्ता मोजा; आणि जे मोजले असेल त्याच नावाने ते लिहा.

याच औषधाने भाषेतही एक गंमत केली, जी रुग्णांना गमतीची वाटण्याचे कारण नाही. तोवर १+ श्रेणी आणि फिश नकारार्थी असलेली २+ श्रेणी या दोन्ही 'निगेटिव्ह' होत्या. आता त्यांनाच 'लो' म्हणतात. जानेवारी २०२५ मध्ये त्याच्याही खालच्या, ० आणि १+ यांच्या सीमेवरील पातळीसाठी मान्यता आली आणि 'अल्ट्रालो' हा शब्द रुळला. गाठी त्याच आहेत, काचपट्टीवरील रंग तोच आहे. 'नाही' या शब्दाची हद्द मात्र सरकली. 'नाही' म्हणजे 'मुळीच नाही' नव्हते, 'आमच्या तेव्हाच्या औषधाला पुरेल इतके नाही' एवढेच होते. हे वाक्य अहवालात पहिल्या दिवसापासून लिहिता आले असते.

आमच्या बाईंची फिश चाचणी नकारार्थी आली. त्यांचा आजार पहिल्या टप्प्यातला, त्यामुळे 'लो'साठीचे औषध त्यांच्या उपचारात येण्याचा प्रश्न नव्हता. उपचार ठरला, पार पडला, आणि या सत्रात त्या पुन्हा वर्गावर जात आहेत. पण मधल्या काळात एकदा त्यांनी विचारले होते, "एका कागदावर निगेटिव्ह आहे आणि डॉक्टर लो म्हणतात. मी नक्की काय?" त्यांना उपचारावर शंका नव्हती. आपल्याविषयी वापरलेल्या शब्दाचा अर्थ जाणण्याचा अधिकार त्या मागत होत्या.

तो अधिकार देण्यासाठी कोणत्याही नव्या यंत्राची गरज नाही. 'हर-२ प्रथिनाचे प्रमाण मध्यम. या चाचणीवरून औषधाचा निर्णय होत नाही. जनुकाच्या प्रती मोजाव्यात. जोडी मोजलेली नाही' असे चार तुकडे अहवालात मराठीत लिहिता येतात. उद्या जोडीची चाचणी रुग्णालयांत आलीच, तर तिच्या अहवालात 'जोडी' हा शब्द येण्यापूर्वी 'इतक्या नॅनोमीटरच्या आत जवळ आढळले' हे वाक्य यावे, असा आमचा आग्रह राहील. आणि विद्यापीठांच्या मराठी विभागांनी परिभाषेचे काम म्हणजे केवळ प्रतिशब्दांच्या याद्या असे न मानता, असे चार तुकडे लिहून देणे हे आपले काम मानावे. ज्या विषयाच्या 'साहित्य' या नावातच सहित असण्याचा अर्थ आहे, त्याच्या अध्यापकांना जवळ असणे आणि सहित असणे यांतील फरक परका वाटू नये.